ओलं राहू दे

पांढरी गाडी, आणि पांढऱ्यावर
बाजरीएवढे तांबूस ठिपके.
मगदूम सिस्टर म्हणाल्या, "आतनं सडली का हो?"

नाही. हा गंज बाहेरून येऊन बसलाय.
तुमची खोली मिरज यार्डाच्या भिंतीला लागून.
ब्रेक लागला की चाकं लोखंडाचं पीठ सांडतात,
ते वाऱ्यावर येतं, रंगात रुततं,
दव पडलं की तांबारतं.
कोल्हापूरची पॅसेंजर, हुबळीची मालगाडी, साखरेच्या वाघिणी,
सगळ्या थोड्या थोड्या तुमच्या टपावर उतरल्यात.

"आणि हे पांढरे गोल?"
हे बोअरचं पाणी.
थेंब उन्हात वाळतो, जाताना कडं तेवढं ठेवून जातो.

गाडी शेडमध्ये घेतली.
पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबलो.
ह्या थांबण्याचे पैसे कुणी देत नाही.

धूळ धुतली. मग पांढरं व्हिनेगर
आणि बॅटरीत घालायचं पाणी, निम्मं निम्मं.
फडकं भिजवून गोलांवर नुसतं पांघरलं.
चोळलं नाही.
मिनिटभर. अजून थोडं. वाळायच्या आत धुऊन टाकलं.

मग गंजावरचा फवारा,
नासक्या अंड्याच्या वासाचा.
ठिपका ठिपका जांभळा झाला, ओघळला,
पिकल्या जांभळीखाली उभी असावी तशी गाडी.
"हे सगळं लोह?" सिस्टर म्हणाल्या,
"आमच्या वॉर्डात बायकांना गोळ्या देऊन देऊन चढत नाही,
आणि इथं टपावर!"

भाजीची पातळ पिशवी बोटांवर चढवून
हात फिरवला.
डोळ्याला गुळगुळीत दिसतं,
पिशवीला खरखर कळते.
साबणपाण्यावर मातीची वडी सरकवत राहिलो,
वजन न देता. एकदा वडी खाली पडली.
टाकून दिली. पडलेली वडी परत लावायची नाही,
तिच्यात एक कण असतो, आपली वाट बघत.

मग तिरका दिवा धरला
आणि बोनेटच्या डाव्या अंगाला
अर्धगोल ओरखडे दिसले, दाट,
एकावर एक.
हात ओळखला.

चौदा वर्षांपूर्वी. सांगली, विश्रामबाग.
एका डॉक्टरांची कोरी गाडी, मे महिना, दुपार.
दस्तगीरचाचा जुम्म्याला गेलेले,
आणि मला एक डाग निघत नव्हता.
भांड्याची हिरवी घासणी घेतली. वर राख.
डाग गेला.
डॉक्टर येईपर्यंत वर मेण थापून ठेवलं,
मेणाखाली काही दिसत नाही.
पन्नास रुपये बक्षीस मिळालं.
चाचा आले, वाकून बघितलं. शिकलगारच ते.
एवढंच म्हणाले,
"आमच्या आज्यानं तलवारीचा गंज काढला भूपाल,
तलवार नाही खाल्ली."

वरचा थर कागदापेक्षा पातळ.
त्यातला तेव्हा मी किती नेला,
आता पॉलिश धरून अजून किती नेऊ?
मशिन हातात घेतली.
परत खाली ठेवली.

"डाग गेले," मी म्हटलं, "एवढं राहील."
त्यांनी बोट फिरवलं. "कुणी घासलंय हे?"
"मीच."

बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "सुकलेली पट्टी ओढायची नसते.
आधी भिजवायची, मग ती आपण सुटते.
पहिल्या वर्षी मी एकाची ओढली होती.
अजून भेटतो बाजारात.
नमस्कार करतो."

मेण लावलं, पातळ.
बिलातून पन्नास रुपये कमी केले,
त्यांनी मोजले, विचारलं नाही.
गाडी वळली, भिंतीलगत तिच्या जागी गेली.
यार्डात कुठंतरी ब्रेक लागला.